‘अ’, ‘ॲन’ की ‘द’? इंग्रजी शिकणाऱ्यांच्या नेहमीच्या शंका

उल्हासनगर, कॅम्प २ (प्रतिनिधी) : नेहरू चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून फिरताना कापडाच्या नाहीतर मोबाइलच्या दुकानावर, पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी ‘स्पोकन इंग्लिश’ची पाटी हमखास दिसते. अशा वर्गांना येणारी मंडळी एका वयाची नसतात. बारावी होऊन नोकरीच्या शोधात असलेली मुले असतात, वडिलांच्या गल्ल्यावर बसणारे तरुण असतात आणि मुलांचा गृहपाठ आपल्याला घेता यावा एवढ्याच इच्छेने आलेल्या गृहिणीही असतात. त्यांच्या शंका मात्र वर्षानुवर्षे त्याच आहेत. ‘अवर’च्या आधी ‘ॲन’ आणि ‘युनिव्हर्सिटी’च्या आधी ‘अ’ का? ‘द’ कुठे म्हणायचे आणि ‘दि’ कुठे? ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा उच्चार वेगळा असतो का? ‘प्लंबर’मधला ‘ब’ कुठे जातो?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. परंतु मुलाखतीच्या खोलीत एका ‘द’वर अडखळलेला उमेदवार पुढची पाच वाक्ये गिळून टाकतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते किरकोळ वाटत नाहीत. प्रस्तुत प्रतिनिधीने पत्रकारितेच्या पदविकेनंतर केलेल्या पहिल्याच अर्जात ‘ॲन युनिव्हर्सिटी’ असे लिहिले होते. अर्ज परत आला तेव्हा त्या दोन शब्दांभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. बाकी मजकुरावर एकही खूण नव्हती. नियम शाळेत पाठ केलेला होता. तो अक्षरांचा नसून उच्चाराचा आहे, एवढेच कोणी सांगितले नव्हते.

तीन भाषांचे गाव, उपपद एकीतही नाही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना राहण्यासाठी देण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. छावणी गेली, पण ‘कॅम्प’ हा इंग्रजी शब्द पत्त्यात कायमचा राहिला. आज या परिसरात सिंधी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. या तिन्हींपैकी एकीतही इंग्रजीसारखे उपपद नाही. त्यामुळे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांच्याबाबत येथील सर्व विद्यार्थी सारख्याच अडचणीत असतात. उच्चाराबाबत मात्र तसे नाही. तेथे प्रत्येकाची घरची भाषा आपापली खोडी काढते.

उपपद नाही याचा अर्थ आपल्या भाषेत तो भेदच नाही, असा नव्हे. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात कोणताही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठरावीक डॉक्टर हवे आहेत. इंग्रजीत पहिल्याला ‘अ डॉक्टर’ आणि दुसऱ्याला ‘द डॉक्टर’ असे होईल. ‘दुकानात गिऱ्हाईक आले आहे’ आणि ‘गिऱ्हाईक दुकानात आले आहे’ यांतही तोच फरक शब्दांच्या क्रमाने साधला जातो. जे काम मराठी प्रत्ययाने किंवा क्रमाने करते, ते इंग्रजी एका छोट्या शब्दाने करते. ऐकणाऱ्याला ती वस्तू कोणती ते ठाऊक आहे असे बोलणारा गृहीत धरतो तेव्हा ‘द’. ठाऊक नाही, पण वस्तू मोजता येण्याजोगी व एकच आहे, तेव्हा ‘अ’ किंवा ‘ॲन’. पाठ्यपुस्तकातील दहा-बारा नियमांपैकी निम्मे या एका वाक्यातून निघतात. सूर्याला ‘द सन’ म्हणतात, कारण कोणता सूर्य असे कोणी विचारत नाही. ‘सर्वांत उंच इमारत’ एकच असणार, म्हणून तिलाही ‘द’.

मराठी माणूस ‘मी शिक्षक आहे’ असे म्हणतो. म्हणून इंग्रजीतही तो ‘आय ॲम टीचर’ म्हणून मोकळा होतो. तेथे ‘अ टीचर’ हवे. गंमत अशी, की हे ‘अ’ आता उलट दिशेने मराठीत शिरले आहे. ‘मी एक शिक्षक आहे’, ‘ही एक चांगली बातमी आहे’ अशी वाक्ये वृत्तपत्रांतही सर्रास छापली जातात. इंग्रजीत गाळलेले उपपद आपण मराठीत भरून काढतो आहोत, असे म्हणायला हरकत नाही.

देवनागरीची कसोटी

‘अ’ की ‘ॲन’ या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाला इंग्रजी माणसापेक्षाही सोपे आहे. इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. ‘अवर’ म्हणजे तास. सुरुवातीला एच हे अक्षर आहे, पण देवनागरीत ‘अ’ आला, म्हणून ‘ॲन अवर’. तसेच ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. उलट ‘युनिव्हर्सिटी’, ‘युनिफॉर्म’, ‘युरोपियन’ या शब्दांच्या आरंभी इंग्रजीत स्वराक्षर असले तरी देवनागरीत ‘य’ येतो, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘वन’मध्ये ‘व’ आहे, म्हणून ‘अ वन-रुपी कॉइन’.

आद्याक्षरांनाही हाच नियम लागतो आणि शहरी माणसाला त्याची गरज रोज पडते. ‘ॲन एमएलए’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एलआयसी एजंट’, ‘ॲन एसएससी सर्टिफिकेट’; पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’, ‘अ बीए’, ‘अ पॅन कार्ड’. येथील विद्यार्थ्यांना समजावताना ‘ॲन आरकेटी स्टुडंट’ आणि ‘अ सीएचएम स्टुडंट’ हे गावातल्याच दोन महाविद्यालयांचे उदाहरण पुरते.

कसोटीला एक-दोन अपवाद आहेत आणि त्यांचा दोष आपल्या लेखनाचा व जिभेचा आहे. कान या अर्थाचा आणि वर्ष या अर्थाचा असे दोन्ही इंग्रजी शब्द मराठीत ‘इयर’ असेच लिहिले जातात. प्रत्यक्षात वर्षाच्या शब्दाला आरंभी ‘य’ आहे. तो ‘यिअर’ असा म्हणायचा. म्हणून कानाला ‘ॲन’, वर्षाला ‘अ’. दुसरे असे, की आपल्यापैकी अनेक जण ‘एक’ला ‘येक’ आणि ‘ओके’ला ‘वोके’ म्हणतात. तीच सवय ‘येमएलए’पर्यंत गेली की कान फसतो आणि ‘अ’ योग्य वाटू लागतो. तेव्हा आधी उच्चार नीट करावा, मग कसोटी लावावी.

या ‘अ’चा उच्चार ‘ए’ करावा का, हा उपप्रश्न. शाळेत मुले ‘ए बॉय’, ‘ए कॅट’ असे ओरडून वाचतात. सहज बोलण्यात तो ऱ्हस्व ‘अ’ असतो. एखाद्या शब्दावर मुद्दाम जोर द्यायचा असेल तेव्हाच ‘ए’ होतो. ‘द’ आणि ‘दि’ यांनाही वरचीच कसोटी लावावी. पुढे व्यंजन असेल तर ‘द बँक’, स्वर असेल तर ‘दि ऑफिस’. जुन्या चित्रपटांच्या शेवटी पडद्यावर येणारे शब्द ‘दि एंड’ असेच वाचायचे. लेखनात दोन्हींचे स्पेलिंग एकच. जुन्या सहकारी संस्थांच्या पाट्यांवर मात्र पुढे काहीही असो, ‘दि’च रंगवलेले आढळते, त्यावरून नियम शिकू नये.

फर्निचर, जीन्स आणि ‘यूएसए’

उपपद कुठे लावू नये हे शिकण्यासाठी उल्हासनगरइतके सोयीचे गाव नाही. येथील दोन प्रसिद्ध व्यवसायच घ्या. फर्निचर हा शब्द इंग्रजीत मोजता येत नाही, म्हणून ‘अ फर्निचर’ होत नाही आणि ‘फर्निचर्स’ असे अनेकवचनही होत नाही, बाजारातल्या पाट्यांवर ते कितीही वेळा लिहिलेले असो. एक नग सांगायचा तर ‘अ पीस ऑफ फर्निचर’. ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘लगेज’ हे याच पंक्तीतले. जीन्स हा शब्द उलट नेहमीच अनेकवचनी, म्हणून ‘अ जीन्स’ चूक, ‘अ पेअर ऑफ जीन्स’ बरोबर. कात्री आणि चष्मा यांचेही तसेच, कारण इंग्रजीच्या दृष्टीने या दोन भागांच्या वस्तू आहेत.

तिसरे उदाहरण आख्यायिकेचे. येथे बनणाऱ्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असे आणि विचारणाऱ्याला त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगितला जाई, ही गोष्ट मुंबईच्या लोकलमध्ये कैकदा सांगितली गेली आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला तिच्यात वेगळाच रस असावा. वाक्यात अमेरिकेचे हे नाव ‘द यूएसए’ असे येते, कारण ‘स्टेट्स’ म्हणजे राज्ये हे सामान्यनाम त्यात आहे. ‘द यूके’ आणि ‘द नेदरलँड्स’ही तसेच. इंडिया, नेपाळ, जपान यांना ‘द’ लागत नाही. मग शिक्क्यावर ‘द’ का नसतो? कारण शिक्के, पाट्या, तारा आणि बातम्यांचे मथळे यांत उपपदे गाळण्याची इंग्रजीत रीतच आहे. इंग्रजी वृत्तपत्राच्या मथळ्यावरून उपपदे शिकू पाहणारा विद्यार्थी म्हणूनच हमखास फसतो. त्याने खालचा मजकूर वाचावा.

स्थलनामांचे सूत्रही घराजवळ सापडते. शहरांना उपपद नाही, नद्यांना आहे. ‘उल्हासनगर’ नुसते, पण ज्या नदीवरून ते नाव आले ती ‘दि उल्हास’. अंबरनाथकडून वाहत येणारी ‘द वालधुनी’. एकटा डोंगर किंवा गड नुसता, पर्वतरांगेला ‘द’. अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी प्रथमच सांगत असाल आणि ऐकणाऱ्याला ते माहीत नसेल, तर ‘अ शिवा टेंपल’. नंतर त्याच मंदिरातील इ.स. १०६० च्या शिलालेखाविषयी बोलू लागलात की ‘द टेंपल’.

सर्वाधिक गोंधळ ‘शाळेत जाणे’ या प्रकारात होतो. मुलगा शिकायला जातो तेव्हा तो ‘टू स्कूल’ जातो. वडील शिक्षकांना भेटायला जातात तेव्हा ‘टू द स्कूल’ जातात. स्थळाचे जे मूळ काम त्यासाठी जाणे असेल तर उपपद गळते. पण ही सवलत स्कूल, कॉलेज, बेड, प्रिझन अशा मोजक्याच शब्दांना आहे. हॉस्पिटलबाबत ब्रिटिश ती देतात, अमेरिकन देत नाहीत. मार्केट, बँक, स्टेशन यांना ती नाही. ‘आय ॲम गोइंग टू मार्केट’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते, तेथे ‘द मार्केट’ हवे. वाहनाचे साधन सांगताना ‘बाय ट्रेन’, ‘बाय रिक्षा’; पण रोजची ठरलेली गाडी ती ‘दि एट ट्वेल्व्ह लोकल’. भाषेच्या नावाला काही नको: ‘इंग्लिश इज ईझी’. ‘दि इंग्लिश’ म्हटले की अर्थ इंग्रज लोक असा होतो.

जीभ कुठे अडते

आता उच्चाराकडे. ‘कॅम्प’ या शब्दापासूनच सुरुवात करता येईल. हिंदी पाट्यांवर तो ‘कैम्प’ असा लिहितात, कारण हिंदीत ‘ऐ’चा उच्चार ‘ॲ’च्या जवळ जातो. मराठी वाचक तीच पाटी ‘कइम्प’ अशी वाचेल. मराठीने या परक्या स्वरांसाठी अर्धचंद्र स्वीकारला आणि राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर स्थान मिळाले. ‘बेट’ आणि ‘बॅट’, ‘स्नेक्स’ आणि ‘स्नॅक्स’ यांतला फरक मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला लिहूनही दाखवता येतो. हा मोठा फायदा आहे आणि तो आपण पुरेसा वापरत नाही.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्याबाबत मात्र देवनागरीने घोटाळाच केला आहे. आपण ‘व्ही’साठी ‘व्ह’ लिहितो, म्हणून ‘व्हॅन’, ‘व्होट’. पण इंग्रजीत डब्ल्यूपुढे एच दिसला की तेथेही ‘व्ह’च लिहितो. परिणामी देवमासा ‘व्हेल’ आणि चेहऱ्यावरचा झिरझिरीत पडदाही ‘व्हेल’. हे दोन निराळे शब्द आहेत. पडद्याच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. देवमाशाच्या शब्दात दात कुठेच लागत नाहीत. ओठ ‘उ’ म्हणताना होतात तसे गोल होऊन लगेच सुटतात. शिवाय दोहोंतही ‘ह’ची फुंकर नको. आरशासमोर उभे राहून दात दिसतात की ओठ गोल होतात एवढे पाहिले, तरी आठवड्याभरात ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ वेगळे होतात. मराठीत एकच ‘व’ असल्याने हा भेद कानाला ओळखता येत नाही. म्हणून डोळ्यांनी शिकावा.

‘झेड’च्या बाबतीत सिंधी विद्यार्थी मराठी विद्यार्थ्याच्या पुढे असतो. सिंधीत हा ध्वनी आधीपासून आहे आणि अरबी वळणाच्या सिंधी लिपीत तर त्यासाठी एकाहून अधिक अक्षरे आहेत. मराठीत ‘जास्त’मधला दंत्य ‘ज’ त्याच्या अगदी जवळ येतो, पण त्याच्या आरंभी जीभ क्षणभर दातांमागे अडते. आपण ‘झू’, ‘झीरो’ असे लिहितो व ‘झाड’मधल्या ‘झ’सारखे म्हणतो. तेथे ‘ह’ची फुंकर आणि सुरुवातीचा अडसर दोन्ही काढावे लागतात. ‘स’ लांबवत म्हणावा आणि मध्येच कंठ घुमवावा. जो ध्वनी निघतो तोच हवा. हिंदीभाषक मित्र याला ‘जीरो’ म्हणतात, तर कुठे ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करतात. मराठीला ‘स्त्री’, ‘स्नान’ यांची सवय असल्याने ती अडचण आपल्याला नाही. अर्थात ‘टेसन’ म्हणणारे आजोबा आपल्याही घरी होतेच.

‘थ्री’मधला ध्वनी जीभ दातांमध्ये किंचित बाहेर आणून काढतात; आपण सरळ ‘थ’ म्हणतो. वर्गात यावर तासन्‌तास खर्च होतात, ते अनाठायी वाटते. आपला ‘थ’ ऐकून ‘ट्री’ आणि ‘थ्री’ यांत कोणाचा घोटाळा होत नाही. त्यापेक्षा ऱ्हस्व-दीर्घ जपावे. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ‘फूल’, ‘वकील’ अशा अकारान्त शब्दांत उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो, पण बोलताना आपण लांबीकडे फारसे लक्ष देत नाही. इंग्रजीत ‘फिल’ आणि ‘फील’, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत अर्थ बदलतो.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचा प्रश्न विनोदासाठीच अधिक विचारला जातो. ‘प्लंबर’मधला ‘ब’ आणि ‘रिसीट’मधला ‘प’ मूक आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज यातला ‘ब’ तर लॅटिन मूळ दाखवण्यासाठी विद्वानांनी नंतर घुसवला. तो कधी उच्चारला गेलाच नाही. ‘वेन्सडे’, ‘कम्फटबल’, ‘व्हेज्टबल’ हे उच्चार ऐकूनच पाठ करावेत, त्यांना तर्क नाही. भूतकाळाच्या ‘इडी’ला तो आहे. ‘वॉक्ट’, ‘प्लेड’ आणि ‘वॉन्टिड’ अशी तीन रूपे होतात. ट किंवा ड यांनी संपणाऱ्या क्रियापदांनाच वेगळा ‘इड’ जोडला जातो. ‘वॉकेड’ असा उच्चार करू नये.

खरी अडचण आघाताची आहे आणि तिच्याविषयी शंका सहसा कोणी विचारत नाही. मराठीत शब्दाचे सर्व अवयव जवळपास सारख्या जोराने म्हटले जातात. इंग्रजीत एका अवयवावर जोर येतो, बाकीचे दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फटॉग्रफर’मध्ये तो ‘टॉ’वर सरकतो आणि सोबत स्वरही बदलतात. ‘रेकॉर्ड’ म्हणजे नोंद यात जोर पहिल्या अवयवावर, ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंद करणे यात दुसऱ्यावर. ‘डेव्हलपमेंट’ हा आपल्याकडे बांधकामामुळे घरोघरी पोचलेला शब्द. त्याचा जोर ‘व्हे’वर आहे. भारतीय इंग्रजी परदेशी श्रोत्याला कितपत कळते याचा अभ्यास हैदराबादच्या केंद्रीय संस्थेतील आर. के. बन्सल यांनी केला आणि तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवरून परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या नोकऱ्या पुढे आल्या, तेव्हा तो विषय पुस्तकाबाहेर आला. शब्दकोशात आघाताच्या अवयवाआधी एक बारीक उभी रेघ वर दिलेली असते. मोबाइलवरील शब्दकोशांत कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवले की उच्चार ऐकूही येतो. तो ऐकताना ब्रिटिश की अमेरिकन, ‘शेड्यूल’ की ‘स्केज्युल’, हा वाद घालू नये. दोन्ही चालतात, एका बोलण्यात एक धरून राहावे, इतकेच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी पाचवीत प्रथमच एबीसीडी गिरवणारी पिढी आज पालक आहे आणि वर्गातल्या मागच्या बाकांवर बहुधा तीच बसलेली असते. या पालकांची एक शंका ठरलेली आहे. शाळेच्या अर्जासाठी तोंडी परिचय पाठ करताना ती येते : ‘आय लिव्ह इन कॅम्प टू’ की ‘इन द कॅम्प टू’? उपपद नको. नावापुढे अंक आला की इंग्रजीत ते विशेषनामासारखे वागते, म्हणून ‘प्लॅटफॉर्म वन’, ‘पेज फाइव्ह’, ‘कॅम्प टू’. क्रमवाचक अंक आधी आला, तर मात्र ‘द सेकंड कॅम्प’.